व्हीलचेअर वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी मोठी व्हॅन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो. हापूसच्या कलमावरून पडलो आणि टी-१० पातळीला (पाठीचा दहावा मणका) मणका दुखावला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाड्यांमध्ये माडावरून, पोफळीवरून, कलमावरून पडून खुर्चीत आलेली माणसं पुष्कळ आहेत. मी गाडी चालवतो हे कळल्यापासून त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे फोन येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. गाडीतली प्रत्येक गोष्ट ठरवताना मी एकच कसोटी लावतो: सोबत कोणीही नसेल, पाऊस पडत असेल आणि मोबाईलला रेंज नसेल, तर हे मला एकट्याला जमेल का? बऱ्याच उत्तरांत ही कसोटी पुन्हा पुन्हा येईल.

१. पाय अजिबात चालत नाहीत. तरी व्हॅन चालवायला कायद्याने परवानगी आहे का?

आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 'अडॅप्टेड व्हेइकल' अशी स्वतंत्र व्याख्या आली आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेलं किंवा बदल केलेलं आणि फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायचं वाहन, असा तिचा अर्थ. पूर्वी यालाच 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत, आणि जुन्या परवान्यांवर तो शब्द अजून दिसतो. पाय चालत नसले तरी ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि स्टीअरिंग यांवर तुमचा पूर्ण ताबा राहतो का, हे पाहिलं जातं. परवान्याचं प्रश्न १३ मध्ये आणि गाडीच्या नोंदणीचं प्रश्न १४ मध्ये लिहिलं आहे.

२. मोठी व्हॅनच कशाला? छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली तर?

तुमचं भागत असेल तर छोटी गाडीच घ्या. हाताने ढकलायची, घडी होणारी खुर्ची असेल, हातात जोर असेल आणि खुर्चीतून सीटवर स्वतःचं स्वतः सरकता येत असेल, तर चार मीटरच्या आतली ऑटोमॅटिक गाडी आणि साधं हॅन्ड कंट्रोल (ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय, प्रश्न ८) पुरेसं आहे. खर्चही खूप कमी येतो.

व्हॅनची गरज दोन जणांना लागते. पहिला, ज्याची खुर्ची बॅटरीवर चालते. तिची घडी होत नाही आणि वजन शंभर किलोच्या वर सहज जातं. दुसरा, ज्याचे खांदे झिजलेत. वीस वर्षं हातांवर शरीर उचलून इकडून तिकडे सरकणाऱ्याच्या खांद्याची वाटी कधी ना कधी तक्रार करतेच. छोटी गाडी घेताना पुढच्या दहा वर्षांच्या खांद्याचाही विचार करा.

३. कोणती गाडी घेऊ? नेटवर अमेरिकेतल्या व्हॅन पाहिल्या, तशी इथे मिळेल का?

जशीच्या तशी मिळणार नाही. तिकडे फोर्ड ट्रान्झिट, रॅम प्रोमास्टर अशा उंच छताच्या व्हॅन ऑटोमॅटिक गिअरमध्ये मिळतात. माणूस खुर्चीसकट आत जातो, ड्रायव्हरच्या जागी खुर्ची अडकवतो आणि निघतो. त्या व्हिडिओंतली सगळी मांडणी डाव्या हाताच्या स्टीअरिंगची असते. पाहून शिका, पण मापं तिथून उचलू नका.

आपल्याकडे उंच छताच्या गाड्या म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर आणि टाटाची विंगर. आत डोक्याला भरपूर जागा, पण दोन्ही गाड्यांना गिअर हाताने टाकावे लागतात. उलट किया कार्निव्हल ऑटोमॅटिक आहे, मागचे दरवाजे सरकते आहेत, पण छत बेताचं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १३० ते १४० सेंटीमीटरवर असतं आणि तेवढी उंची कार्निव्हलमध्ये मिळत नाही. छत आहे तिथे ऑटोमॅटिक नाही, आणि ऑटोमॅटिक आहे तिथे छत नाही. आपली खरी अडचण ही आहे.

माझं मत असं: स्वतः चालवायची असेल तर ऑटोमॅटिक गाडी आणि सीटवर सरकून बसणं (प्रश्न ४). तुम्हाला मागे खुर्चीत बसून जायचं असेल आणि चालवणार भाऊ किंवा बायको, तर विंगर किंवा ट्रॅव्हलर उत्तम. विंगरला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे फरशीखालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट नसतो. फरशीत काही काम करायचं असेल तर हा मोठा फायदा. ट्रॅव्हलरची ताकद मागच्या चाकांना जाते, तिथे शाफ्ट आडवा येतो.

ईको पुष्कळांच्या मनात असते, कारण गावात तिचे सुटे भाग कुठेही मिळतात. प्रवासी म्हणून बसायला ती चालेल. खुर्चीतून चालवायला ती फार ठेंगणी आहे.

४. खुर्चीवर बसूनच चालवावी, की ड्रायव्हरच्या सीटवर सरकावं?

सरकता येत असेल तर सरका. कंपनीची सीट, तिचा पट्टा, तिची डोकं टेकायची उशी आणि एअरबॅग ही सगळी एकमेकांच्या हिशोबाने तपासलेली असतात. व्हीलचेअर, विशेषतः साधी, अपघाताचा झटका सोसायला बनवलेली नसते. गाडीत सीट म्हणून वापरायच्या खुर्च्यांसाठी आयएसओ ७१७६-१९ हे वेगळं मानक आहे. तुमची खुर्ची त्यात बसते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

सरकणं सोपं करायला विजेवर चालणारा सीट बेस बसवतात. सीट मागे येते, आतल्या बाजूला वळते, वर-खाली होते. तुम्ही लिफ्टने (खुर्चीसकट माणसाला उचलून गाडीत घेणारी फळी, प्रश्न ६) आत येता, खुर्ची सीटच्या शेजारी लावता, सीट खुर्चीच्या उंचीला किंवा बोटभर खाली आणता आणि सरकता. गाडीतून उतरताना उलट, सीट खुर्चीपेक्षा थोडी वर. दोन्ही वेळा उतारावर सरकायचं, खांदा वाचतो.

खुर्चीवरूनच चालवायची असेल तर आणखी एक अडचण निघते. बॅटरीच्या खुर्चीचं बसायचं ठिकाण कारच्या सीटपेक्षा उंच असतं. त्यामुळे उंच छताच्या गाडीतसुद्धा डोळे काचेच्या वरच्या कडेला येतात आणि सिग्नल दिसायला मान वाकवावी लागते. यावर उपाय म्हणजे ड्रायव्हरच्या जागेची फरशी खाली घेणं. ते किती मोठं काम आहे ते प्रश्न १० मध्ये.

५. गाडी पाहायला जाण्याआधी कोणती मापं घ्यावीत?

स्वतःच्या खुर्चीत, रोजच्या उशीवर, रोजच्या चपला घालून बसा आणि घरातल्या कोणाला तरी टेप घेऊन उभं करा. जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंत. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत. जमिनीपासून गुडघ्याच्या वर (स्टीअरिंगखाली गुडघा मावतो का, ते यावरून कळतं). खुर्चीची सगळ्यात जास्त रुंदी, हाताच्या कोपरांसकट. पायाच्या अंगठ्यापासून मागच्या चाकापर्यंतची लांबी. तुमचं आणि खुर्चीचं मिळून वजन, ते भाताच्या गिरणीवरच्या किंवा रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर करता येतं.

मग अंगण मोजा. हे बहुतेक जण विसरतात. गाडी कुठे उभी राहणार, तिथून पडवीपर्यंत चिऱ्यांची पायरी आहे की पाखाडी, बाजूला गडगा किती अंतरावर, पावसाळ्यात तिथे चिखल होतो का. घराकडे जाणारी पाणंद दोन मीटरची असेल तर सवा पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद गाडी दारात येणारच नाही. अशा वेळी गाडी रस्त्यालगत ठेवायची जागा आणि तिथपर्यंत खुर्ची जाईल अशी वाट आधी करा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. रॅम्पसाठी किंवा वाटेसाठी ग्रामसभेत लेखी अर्ज द्या.

६. लिफ्ट घ्यावी की रॅम्प?

हिशोब करून पाहा. फरशी जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल, तर इमारतीसाठी योग्य मानला जाणारा १:१२ चा उतार धरल्यास रॅम्प ७.८ मीटर लांब लागेल. १:६ धरला तर ३.९ मीटर. १:४ धरला तर २.६ मीटर, आणि त्या चढावर खुर्ची एकट्याने चढवणं धोक्याचं, पावसात तर विचारूच नका. म्हणून उंच फरशीची व्हॅन एकट्याने वापरायची असेल तर लिफ्ट. घडीचा रॅम्प फक्त ढकलायला कोणीतरी कायम सोबत असेल तर.

लिफ्टची क्षमता पाहताना खुर्ची, माणूस आणि मांडीवरचं सामान धरा. १३० किलोची खुर्ची आणि ८० किलोचा माणूस म्हणजे २१० झालेच. ३०० किलोची लिफ्ट घ्या. फळीची लांबी तुमच्या खुर्चीच्या लांबीपेक्षा जास्त हवी आणि पुढच्या कडेची अडसरपट्टी आपोआप वर येणारी हवी, नाहीतर खुर्ची पुढे घसरते.

७. लिफ्ट मागच्या दाराला बसवू की बाजूला?

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून बाजूची लिफ्ट डाव्या दाराला. माणूस रहदारीपासून लांब, रस्त्याच्या कडेला उतरतो, आणि खुर्ची सरळ ड्रायव्हरच्या जागेपर्यंत जाते. एकट्याने चालवणाऱ्याला हीच सोयीची.

पण फळी आणि फळीवरून उतरून वळायला अडीच ते तीन मीटर मोकळी जागा लागते. आपल्या गावठाणातल्या रस्त्याला लगेच गडगा नाहीतर गटार असतं. मागची लिफ्ट अरुंद जागेत चालते, पण तुम्ही थेट रहदारीत उतरता, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला संध्याकाळी मागच्या दाराने उतरणं मला तरी मान्य नाही. शिवाय मागून आत आल्यावर ड्रायव्हरच्या जागेपर्यंत पूर्ण गाडी मोकळी ठेवावी लागते. तुम्ही प्रवासी म्हणून बसणार असाल आणि अंगण अरुंद असेल, तेव्हा मागची निवडा.

८. हॅन्ड कंट्रोल नेमकं कसं चालतं? क्लचचं काय करायचं?

सगळ्यात प्रचलित प्रकारात स्टीअरिंगच्या खाली एक दांडा असतो. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर. एक हात कायम दांड्यावर आणि दुसरा स्टीअरिंगवरच्या गोल मुठीवर. ब्रेकसाठी 'ढकलणं' ठेवण्यामागे कारण आहे. जोरात ब्रेक लागला की अंग पुढे जातं, हातही पुढे जातो, आणि ब्रेक सुटत नाही.

याची उलटी बाजूही ओळखून ठेवा. चढावर अंग मागे पडलं तर हात दांडा मागे ओढतो, म्हणजे गाडी आणखी वेग घेते. पोटाच्या स्नायूंवर ताबा नसलेल्याने छातीचा पट्टा बांधल्याशिवाय असा दांडा वापरू नये (प्रश्न ९).

दोन्ही हात गुंतलेले असल्याने हॉर्न, इंडिकेटर, डिपर आणि वायपर यांची बटणं दांड्यावरच हवीत. घाटातल्या प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा लागतो, रात्री डिपर द्यावा लागतो. शहरातल्या फिटरला हे जास्तीचं वाटतं, तुम्ही आग्रह धरा.

मूळ पेडलवर आडवं येणारं संरक्षक झाकणही बसवून घ्या. पायाला आकडी आली आणि बूट ॲक्सिलरेटरवर पडला तर हाताने सोडवायला वेळ नसतो. झाकण काढता-घालता येणारं असावं (प्रश्न १७). हॅन्डब्रेक ओढायला जोर पुरत नसेल तर लांब दांडी किंवा विजेवरचा हॅन्डब्रेक.

क्लचसाठी गिअरच्या मुठीवरच्या बटणाने चालणारी किट मिळतात. सपाट रस्त्यावर ती चालतात. पण त्यात एकाच हाताला ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि गिअर अशी तीन कामं पडतात, आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलताना ती तिन्ही एकदम करावी लागतात. हाताच्या गिअरची जड व्हॅन हॅन्ड कंट्रोलवर कुंभार्ली किंवा आंबोलीत न्या, असं मी कोणालाही सांगणार नाही.

किट घेताना पुण्याच्या एआरएआयचं (गाड्या आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. आरटीओत तेच पुढे करावं लागतं.

९. वळणावर मी एका बाजूला कलंडतो. घाटात कसं जमणार?

हा प्रश्न कोकणातल्या माणसाने विचारलाच पाहिजे, कारण इथून देशावर जायला कुठला तरी घाट चढावाच लागतो. धडधाकट माणूस वळणावर पाय आणि पोट आवळून बसतो. छातीखाली संवेदना नसलेल्याचं धड वळणाच्या बाहेरच्या बाजूला जातं. मग तो नकळत स्टीअरिंगला धरून तोल सावरतो, आणि गाडी भलतीकडे वळते.

उपाय तीन. सीटच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपाशी टेकणारे घट्ट आधार. छातीवरून आडवा रुंद पट्टा, जो फक्त तोलासाठी असतो. गाडीचा तीन टोकांचा सुरक्षापट्टा त्याशिवाय लावायचाच, एकाच्या बदली दुसरा नाही. आणि सीटचा बसायचा भाग मागे किंचित खोल, म्हणजे कंबर पुढे घसरत नाही. हे सगळं मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. आंबा घाटातल्या वळणांवर दोन्ही खांदे इतके आखडले की साखरप्याला उतारावर आल्यावर अर्धा तास गाडी बाजूला घेऊन बसलो होतो. आधार बसवल्यावर तोच घाट मी न थांबता उतरतो.

उतारावर ऑटोमॅटिक गिअर खालच्या टप्प्यात टाका, इंजिनालाच गाडी धरू द्या. हाताने सतत ब्रेक दाबत उतरलात तर मनगट थकतं आणि ब्रेक तापतात. कशेडीला आता बोगदे आहेत, तिथला त्रास कमी झाला.

बसून राहण्याचा त्रास वेगळाच. दर अर्ध्या तासाला अंग उचलून किंवा झुकून बैठक मोकळी करा, जखमा संवेदना नसलेल्या जागीच होतात. टी-६ किंवा त्याच्या वरची दुखापत असेल तर खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात शरीर तापतं. तुमच्यासाठी एसी ही गरजेची वस्तू आहे, आणि तो बंद पडला तर गाडी सावलीत घ्या. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर लगेच थांबून लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहा. रक्तदाब झपाट्याने वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. नळी सरळ करूनही बरं वाटलं नाही तर जवळचा दवाखाना गाठा.

१०. फरशी खाली घेणं किंवा छत उंच करणं इथल्या गॅरेजमध्ये होईल का?

पत्रा कापणारा आणि वेल्डिंग करणारा कारागीर प्रत्येक तालुक्याला आहे. प्रश्न त्याच्या हाताचा नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांत वेगळी चासी नसते, फरशी आणि सांगाडा मिळूनच गाडीची ताकद असते. फरशी कापली की ती ताकद कापली जाते आणि ती दुसरीकडून परत द्यावी लागते. इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर यांचीही जागा बदलते. इंजिनिअरने काढलेला नकाशा आणि तपासणीचा कागद नसेल तर हे काम करू नका, नोंदणीही होणार नाही. सीट बेस, हॅन्ड कंट्रोल आणि लिफ्ट इतक्यात काम भागत असेल तर तेवढ्यावर थांबा.

११. खारा वारा आणि पाऊस. लिफ्ट किती दिवस टिकेल?

काळजी घेतली तर पुष्कळ. माझ्या पहिल्या लिफ्टला बसवणाऱ्याने साधे लोखंडी बोल्ट वापरले. आगोटीच्या आधी बसवली, नवरात्रापर्यंत बोल्टांची डोकी गळून तांबडी पूड झाली. तेव्हापासून मी बसवणाऱ्याच्या शेजारी खुर्ची लावून बसतो.

बोल्ट, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. पत्र्याला जिथे जिथे भोक पाडलं किंवा कापलं, त्या प्रत्येक कडेला जस्ताचा प्रायमर, त्यावर सीलंट, त्यावर रंग. गंज कापलेल्या कडेपासूनच सुरू होतो आणि गालिच्याखाली तो दिसत नाही. फरशीत खुर्ची अडकवायचं कुलूप बसवलं असेल तर त्याच्या खोबणीला पाणी निघून जायला भोक हवंच. खुर्चीच्या चाकांबरोबर येणारं पाणी, तांबडी माती आणि वाळू तिथेच साठते. वायरचे जोड रबरी आवरणाचे, आत ग्रीस भरलेले, आणि शक्यतो फरशीपासून वर.

समुद्राकडून आलात की लिफ्ट गोड्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने नको, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. गाडी वापरात नसली तरी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा लिफ्ट पूर्ण खाली-वर करा. गाडी पडवीच्या छपराखाली उभी करता आली तर निम्मं काम तिथेच झालं. ताडपत्री पूर्ण गुंडाळून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते.

१२. लिफ्ट अर्ध्यावर अडकली तर?

चांगल्या हायड्रॉलिक लिफ्टला हाताने मारायचा पंप असतो. तो कुठे बसवलाय, हे विकत घेताना पाहा. माझा पंप आतल्या बाजूला होता, आणि मी बाहेर फळीवर, जमिनीपासून दोन फूट वर. गुरं घेऊन परतणारा मुलगा दिसेपर्यंत मी तिथेच होतो. आता पंपाचा दांडा फळीवर बसून हाताला येतो, आणि दुसरं बटण गाडीच्या आत ड्रायव्हरजवळ आहे.

बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. भार उचलताना लिफ्टची मोटर बारा व्होल्टवर ५० अँपिअरच्या वर सहज घेते. लिफ्टसाठी वेगळी बॅटरी घ्या, म्हणजे लिफ्टने वीज खाल्ली तरी गाडी सुरू होते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. आणि लिफ्ट सपाट जागीच चालवा. गाडी कलंडलेली असेल तर फळी तिरकी उतरते आणि अडकते.

१३. लायसन्स अपघाताच्या आधीचं आहे. तेच चालेल का?

तेच वापरत राहू नका. आरटीओत जाऊन परवान्यावर अडॅप्टेड व्हेइकल या वर्गाची नोंद करून घ्या. रायगडसाठी पेण (एमएच-०६), रत्नागिरी (एमएच-०८), सिंधुदुर्ग (एमएच-०७). वैद्यकीय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागेल, आणि चाचणी तुमच्याच बदल केलेल्या गाडीवर द्यावी लागते. म्हणून गाडी आधी तयार हवी. चालवण्याइतका ताबा आहे का, याची नीट तपासणी हवी असेल तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था (एआयआयपीएमआर) आहे, तिथे पुनर्वसन तज्ज्ञांना भेटा. नव्याने शिकणाऱ्याने आधी शिकाऊ परवाना काढायचा, बाकी सगळं तसंच.

१४. गाडीत बदल करायला बंदी आहे असं ऐकलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे ना?

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येणार नाहीत असा निकाल दिला, हे खरं. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५२ च्या पोटकलम २ प्रमाणे मालकाला आपलं वाहन अडॅप्टेड व्हेइकलमध्ये बदलता येतं आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेता येते. काउंटरवर 'चालत नाही' म्हणाले तर हे कलम दाखवा, शांतपणे.

बदल झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी. सीट काढल्या असतील तर आरसीवरची आसनसंख्याही बदलून घ्या. ही गोष्ट राहून जाते आणि पुढे विम्यात अडचण येते. नवी गाडी घेत असाल तर नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा पर्याय ऑक्टोबर २०२० पासून आहे. तो डीलरकडून नक्की भरून घ्या, सवलती त्यावर अवलंबून असतात.

१५. कोणत्या सवलती मिळतात? जीएसटी, टॅक्स, टोल?

जीएसटीची सवलत चार मीटरच्या आतल्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांसाठी होती. मोठी व्हॅन त्यात कधीच बसत नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला, त्यामुळे त्या सवलतीचं जुनं महत्त्व उरलं नाही. दिव्यांगांच्या गाडीत बसवायच्या किटवरचा दर मात्र २०२१ मध्ये ५ टक्के ठरला. बिलात किट आणि बसवण्याची मजुरी वेगवेगळी दाखवायला सांगा.

मोटार वाहन करमाफीचा अर्ज आरटीओतच, आरसीवर नोंद झाल्यावर करा. राष्ट्रीय महामार्गांवर अपंग व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेल्या वाहनाला टोल माफ आहे. त्यासाठी सूट असलेला फास्टॅग वेगळा काढावा लागतो. नुसतं यूडीआयडी कार्ड काचेतून दाखवून नाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, नियम वाहनासाठी आहे.

१६. विमा कंपनीला सांगावं का? सांगितलं तर हप्ता वाढेल ना?

सांगाच, आणि लेखी सांगा. न सांगितलेला बदल हे दावा नाकारायचं सोपं कारण असतं. लिफ्ट, सीट बेस आणि किट यांची किंमत वेगळी लिहून विमा रकमेत धरा, नाहीतर अपघातात फक्त मूळ गाडीचे पैसे मिळतील. अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट इंडिया मोटर टॅरिफ या वाहन विम्याच्या दरपत्रकात नोंदलेली आहे. एजंटला हे बहुतेक माहीत नसतं. प्रस्ताव भरतानाच विचारा.

१७. माझी बायकोही ही गाडी चालवेल. आणि सीझनला पर्यटकांना भाड्याने दिली तर?

बायको तुम्हाला घेऊन चालवत असेल तर काही अडचण नाही. मूळ पेडल तसेच ठेवा, झाकण काढता येणारं घ्या, स्टीअरिंगवरची मूठ निघणारी घ्या. पण तिने पहिल्यांदा बसण्याआधी दांडा कुठे आहे हे दाखवा, गुडघा लागून ब्रेक दाबला जाऊ शकतो.

भाड्याने नाही. व्याख्येतच 'फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी' असं आहे (प्रश्न १), आणि भाड्यासाठी परमिट वेगळं लागतं. करमाफी घेऊन पर्यटक फिरवले तर सवलत जाईल आणि अपघातात विमाही.

१८. आईचा प्रश्न: मुलाची मान दुखावली आहे, हाताची बोटं मिटत नाहीत. त्याला कधी चालवता येईल का?

ताई, हे बोटांपेक्षा खांदा आणि मनगटावर अवलंबून आहे. बोटं न मिटता हात अडकवता येईल अशी तीन खुंट्यांची मूठ असते, ती स्टीअरिंगवर आणि दांड्यावर दोन्हीकडे बसते. मनगट मागे उचलता येत असेल तर आशा धरायला जागा आहे. स्टीअरिंग अगदी हलकं लागेल आणि छातीचा पट्टा लागेलच. पण आधी पुनर्वसन तज्ज्ञांकडून तपासणी, मग गाडी. उलट क्रम करू नका. तोपर्यंत त्याला लिफ्टच्या व्हॅनमध्ये, खुर्ची नीट बांधून, पुढचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा. खुर्ची बांधायला चार पट्टे, पुढचे दोन आणि मागचे दोन, खुर्चीच्या सांगाड्याला लावायचे, चाकाला किंवा हातटेक्याला कधीच नाही. आणि माणसाला वेगळा तीन टोकांचा पट्टा, जो गाडीला जोडलेला असेल. पट्ट्यांवर आयएसओ १०५४२ लिहिलेलं आहे का, ते पाहा.

१९. फेरीबोटीत चढवता येते का? आणि पुळणीवर?

दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ या सगळ्या फेऱ्यांमध्ये गाडी जाते, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोमध्येही. जेट्टीचा उतार ओहोटीला तीव्र होतो, आणि लिफ्ट गाडीखाली बसवलेली असेल तर तिचं टोक घासतं. म्हणून भरतीच्या आसपास जा. चढताना खलाशाला आधीच सांगा की तुम्ही हाताने चालवता, म्हणजे तो घाई करत नाही. बोटीत लिफ्ट उघडायला जागा मिळेलच असं नाही, गाडीतच बसून राहायची तयारी ठेवा.

पुळणीवर गाडी नेऊ नका. जड व्हॅन वाळूत रुतली तर तुम्हाला उतरून ढकलता येत नाही, आणि भरती थांबत नाही.

२०. जुनी रुग्णवाहिका किंवा स्कूलबस स्वस्तात मिळते आहे. घेऊ का?

छत उंच असतं, म्हणून मोह होतो. पण रुग्णवाहिकेची नोंदणी खासगीत बदलून घ्यावी लागते, दिवा-सायरन काढावे लागतात. फरशीखाली शिरून गंज स्वतः पाहता येत नसेल तर विश्वासू मेकॅनिकला खाली पाठवा. किनाऱ्यावर चाललेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळण असू शकते, आणि चाळण झालेल्या फरशीला लिफ्टचे बोल्ट धरत नाहीत.

२१. सगळं बसवून झालं. सराव कुठे करू?

सड्यावर. जांभ्याचा मोकळा, सपाट सडा आपल्याकडे गावोगाव आहे आणि सकाळी तिथे गुरांशिवाय कोणी नसतं. आधी फक्त ब्रेक. वीसच्या वेगात, मग चाळीसच्या, गाडी एकाच ठिकाणी थांबेपर्यंत. मग एका हाताने आठाच्या आकड्यात फिरवा. मग छातीचा पट्टा सैल केला तर काय होतं तेही तिथेच, दहाच्या वेगात पाहा, म्हणजे तो पुन्हा कधी सैल राहणार नाही. मला रस्त्यावर यायला तीन आठवडे लागले, घाटात जायला पाच महिने. पहिल्या दिवसांत सोबत कोणीतरी असू द्या, पण लिफ्ट, खुर्ची, पट्टा, कुलूप यांना त्यांनी हात लावायचा नाही, असं आधी ठरवून घ्या. ते फक्त बाजूला बसतील.